ऑपरेटरचे सुपरवायझर झालात? पहिले तीन महिने असे काढा

भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत जा, सुपरवायझर बहुतेक एकाच पद्धतीने तयार होतो. ज्याचा हात चांगला, हजेरी चांगली, रिजेक्शन कमी, त्याला एक दिवस केबिनमध्ये बोलावून सांगतात, 'उद्यापासून ही लाइन तू बघायची.' गणवेशाचा रंग बदलतो आणि काम सुरू होतं. मशिन शिकायला आयटीआयची २ वर्षं मिळालेली असतात. माणसं सांभाळायला शिकण्यासाठी एक दिवसही मिळत नाही.

मी याच वाटेने आलो. टर्नरचा ट्रेड, सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशिनवर ऑपरेटर, मग लाइन लीडर, मग सुपरवायझर. आता नवीन सुपरवायझरांना सुरुवातीचे काही महिने सोबत करायचं काम माझ्याकडे असतं. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय. उदाहरणं मशिन शॉपमधली आहेत, पण प्रेस शॉप, असेंब्ली, पॅकिंग, गोडाऊन, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच लागू पडतं.

सुरुवातीलाच एक कसोटी सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यासाठीच आहेत. तुमच्या लाइनवरची वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर पोचते? इन्सर्ट (धातू कापणारा, बदलता येणारा तुकडा) झिजत चालला आणि बोअरचा, म्हणजे भोकाचा, साइज खालच्या लिमिटकडे सरकतोय, हे सगळ्यात आधी ऑपरेटरला कळतं. त्याने तेव्हाच हाक मारली तर इन्सर्ट बदलायचा, ऑफसेट (मशिनमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) बघायचा, मागचे पाच-सहा जॉब (बनलेले पार्ट) बाजूला ठेवून तपासायचे, विषय संपला. 'आता सांगितलं तर साहेब ओरडतील' म्हणून तो गप्प बसला तर तोच माल फायनल इन्स्पेक्शनला अडकतो. तिथूनही निसटला तर ग्राहकाच्या लाइनवर सापडतो, आणि आपली माणसं तिकडे जाऊन ट्रॉल्याच्या ट्रॉल्या निवडत बसतात.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या टीमचा अभ्यास केला होता. चांगल्या टीममध्ये औषध देण्यातल्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथे माणसं चूक लपवत नव्हती, बोलत होती. तुमच्या लाइनवर पहिल्या महिन्यात तक्रारी वाढल्या तर हे लक्षात ठेवा आणि घाबरू नका.

हाताशी काय काय हवं

- नेमणुकीचं पत्र आणि जबाबदारीचा लेखी तपशील. पत्र मिळालं नसेल तर निदान ईमेल.
- लाइनवरच्या सगळ्यांची यादी: कायम, कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस असं वेगवेगळं लिहून. कंत्राटी कामगारांच्या ठेकेदाराचं आणि त्याच्या साइटवरच्या माणसाचं नावही त्यातच.
- स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कुठलं काम येतं त्याचा तक्ता. भिंतीवरची नको, आज खरी असलेली. भिंतीवरच्या तक्त्यात काम सोडून गेलेल्यांचीही नावं सापडतात.
- प्रत्येक ऑपरेशनचं वर्क इन्स्ट्रक्शन (काम कसं करायचं) आणि कंट्रोल प्लॅन (काय, कशाने, किती वेळा तपासायचं).
- मागच्या ३ महिन्यांचं रिजेक्शन, रिवर्क आणि ब्रेकडाउनचं रेकॉर्ड.
- मेंटेनन्स, टाइम ऑफिस, सेफ्टी ऑफिसर, प्रथमोपचार खोली यांचे नंबर. अँब्युलन्सचा १०८ सगळ्यांना पाठ हवा.
- लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं.
- खिशात मावेल अशी वही. कोणी काय अडचण सांगितली ते नावासकट त्यात लिहायचं. मोबाइलमध्ये नोंद करू नका. समोरचा बोलत असताना तुम्ही स्क्रीनकडे बघितलं की त्याला वाटतं ऐकत नाहीयेत.

१. अधिकार कुठपर्यंत आहेत ते पहिल्याच आठवड्यात विचारा

पद मिळाल्याच्या आनंदात हे विचारायचं राहून जातं आणि पहिल्याच अडचणीत तोंडघशी पडायला होतं. वरच्या साहेबांकडे अर्धा तास मागून घ्या आणि सरळ प्रश्न विचारा. क्वालिटीचा प्रश्न आला तर मी लाइन थांबवू शकतो का, की फोन करावा लागेल? अर्ध्या दिवसाची सुट्टी मी देऊ शकतो का? गेट पासवर माझी सही चालेल का? ओव्हरटाइमला कोणाला थांबवायचं हे कोण ठरवणार? लाइन थांबवण्याचं उत्तर मिळाल्याशिवाय केबिनबाहेर पडू नका. टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून मदत बोलावता येते आणि ठरावीक जागेपर्यंत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. तुमच्याकडे दोरी नसेल, पण नियम ठरवून घेता येतो.

उत्तरं मिळाली की त्याच दिवशी छोटा ईमेल टाका: 'आज झालेल्या बोलण्याप्रमाणे माझी समजूत अशी आहे.' हे अविश्वासाचं लक्षण नाही. साहेब बदलतात, बदली होते, आणि नवीन साहेबांना जुन्या बोलण्याची कल्पना नसते.

२. काल खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्यांशी आज बोला

सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. ज्यांच्याबरोबर एका डब्यात जेवलात, एका खोलीत भाडं वाटून राहिलात, ते आज तुमच्या हाताखाली आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याला हेच पद हवं होतं, आणि कदाचित त्याची नोकरी तुमच्याहून जास्त झालेली आहे.

त्या माणसाला पहिल्या दोन-तीन दिवसांत एकटं भेटा, कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर नको. त्याचं दुःख आहे हे माहीत असल्याचं कळू द्या आणि एक खरं काम मागा. 'काका, ग्राइंडिंगच्या सेटिंगमध्ये तुमच्याइतकं कोणाला कळत नाही. नवीन दोन पोरं तुमच्याकडे तयार करायची आहेत, कराल का?' काम खरंच महत्त्वाचं असलं पाहिजे. नुसती समजूत घालताय हे त्याला लगेच कळतं.

संबोधनाबद्दलही विचारतात म्हणून लिहितो. वयाने मोठ्या ऑपरेटरला 'अहो', 'काका', 'मामा' हेच राहू द्या, पद वाढलं म्हणून 'ए' वर येऊ नका. मित्राशी 'अरे' चालू ठेवा, ओढूनताणून 'तुम्ही' केलंत तर त्याला जास्त लागतं. आणि कंत्राटी पोरांना नावाने हाक मारा. 'ए हेल्पर' अशी हाक ऐकून घेणारा मुलगा गेज (माप तपासायचं साधन) तुटलेलं दिसलं तरी तुमच्याकडे येणार नाही.

इथला सापळा असा की मित्रांना खूश ठेवण्यासाठी हलकी मशिनं त्यांनाच द्यायची, किंवा उलट, पक्षपात नको म्हणून त्यांनाच सगळ्यात जड काम लावायचं. दोन्हींतून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे मशिनवाटपाचा तक्ता आठवड्याचा आधीच लावून टाकणं. तक्ता भिंतीवर आला की कुजबुज कमी होते.

३. दोन आठवडे काहीही बदलू नका, उभं राहून बघा

नवीन माणसाला पहिल्याच दिवशी काहीतरी करून दाखवायचं असतं. रॅक हलवतात, ट्रॉलीची जागा बदलतात, नवीन फॉर्म काढतात. थांबा. टोयोटाची उत्पादन पद्धत घडवणारे ताइची ओनो नवीन इंजिनिअरला शॉप फ्लोअरवर खडूने वर्तुळ काढून त्यात उभं करत आणि काय दिसलं ते सांगायला लावत. खडूची गरज नाही, पण रोज एका मशिनसमोर अर्धा तास हात मागे बांधून उभे राहा. आधी ऑपरेटरला सांगा की वेळ मोजत नाहीये, तुमचं काम समजून घ्यायचंय.

मग दिसायला लागतं. जॉब काढताना तो प्रत्येक वेळी वाकतोय, कारण बिन खाली ठेवलाय. एअर गन दुसऱ्या मशिनवरून मागून आणावी लागते. व्हर्निअर एकच, तीन जणांत. ड्रॉइंगवर कूलंटचे डाग पडून टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचता येत नाही, पोरं अंदाजाने चालवतायत. यातली एअर गन किंवा नवीन ड्रॉइंग अशी एक गोष्ट त्याच आठवड्यात मिळवून द्या. 'सांगितलं की होतं' हे लोकांना एकदा दिसलं की पुढचं सांगणं आपोआप सुरू होतं.

४. शिफ्टची पहिली दहा मिनिटं

हँडओव्हर ऑफिसात बसून घेऊ नका. जाणाऱ्या सुपरवायझरबरोबर लाइनवरून एक फेरी मारा आणि प्रत्येक मशिनजवळ दोन प्रश्न विचारा: रात्री काय अडलं, आणि काय तात्पुरतं करून ठेवलंय? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. थर्ड शिफ्टला मेंटेनन्सचा माणूस कमी असतो, त्यामुळे सेन्सर बायपास करणं, क्लॅम्पखाली पट्टी सरकवणं असे उपाय होतात आणि ते रजिस्टरमध्ये कधीच लिहिलेले नसतात. सेफ्टीचा सेन्सर बायपास दिसला तर ते मशिन तिथेच थांबवा. टार्गेट नंतर बघू.

मग पाच मिनिटं सगळ्यांना एकत्र घ्या. आजचं टार्गेट, काल ग्राहकाकडून आलेली तक्रार, कोण गैरहजर, कोण कुठे. शेवटी एक प्रश्न: 'आज काय बिघडेल असं वाटतंय?' पहिले काही दिवस कोणी बोलणार नाही. शांतता असली तरी घाईने मीटिंग मोडू नका, थोडं थांबा. एक दिवस कोणीतरी म्हणेल, 'चकमधून आवाज येतोय कालपासून.' त्याच दिवशी तो चक (जॉब पकडून ठेवणारा भाग) बघून घ्या आणि दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये काय निघालं ते सगळ्यांना सांगा.

५. वाईट बातमी आली की पहिलं वाक्य काय

बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा. ऑपरेटर घाम पुसत येतो आणि म्हणतो, 'साहेब, वीस-पंचवीस जॉब अंडरसाइज गेलेत.' त्या क्षणी तुमच्या तोंडून काय बाहेर पडतं ते बाकीचे सगळे मान खाली घालून ऐकत असतात.

नेहमीचं वाक्य असतं, 'झोपला होतास का?' हे एकदा बोललात की पुढचे सहा महिने तुम्हाला काही कळणार नाही. त्याऐवजी म्हणा: 'बरं केलंस लगेच सांगितलंस. माल कुठेय?' मग पुढची कामं या क्रमाने करा. मशिन थांबवा. शेवटचा चांगला जॉब कुठला ते शोधून तिथपासूनचा सगळा माल लाल बिनमध्ये वेगळा काढा. क्वालिटीला बोलवा. पुढे गेलेला माल अडवा. या सगळ्यात 'कोणी केलं' हा प्रश्न कुठेच येत नाही, कारण त्या उत्तराने एकही जॉब वाचत नाही.

माल सुरक्षित झाला की कारण शोधायला बसा. 'का' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची पद्धत तुम्ही ट्रेनिंगमध्ये ऐकली असेल. ओनोंचं मूळ उदाहरण सांगतो, कारण फॉर्म भरताना लोक त्याचा गाभाच सोडून देतात. मशिन का थांबलं? ओव्हरलोड होऊन फ्यूज उडाला. ओव्हरलोड का? बेअरिंगला पुरेसं तेल नव्हतं. तेल का नव्हतं? पंप नीट ओढत नव्हता. पंप का ओढत नव्हता? त्याचा शाफ्ट झिजला होता. शाफ्ट का झिजला? गाळणी नव्हती, आत धातूचा कीस जात होता. फ्यूज बदलून थांबले असते तर मशिन पुन्हा बंद पडलं असतं.

आपल्याकडे दुसऱ्याच 'का' ला उत्तर येतं, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा', आणि समोर उपाय लिहिला जातो, 'ऑपरेटरला समज दिली'. तुमच्या हातात फॉर्म असेल तेव्हा हे उत्तर स्वीकारू नका. त्याने दर तासाला मोजमाप का घेतलं नाही ते विचारा. गेज दुसऱ्या मशिनवर होतं. का? एक गेज कॅलिब्रेशनला गेलंय आणि बदली नाही. मग उपाय गेजचा आहे, आणि तो मिळवून देणं तुमचं काम आहे.

माणूस खरोखरच मुद्दाम हयगय करतो असंही होतं, नाकारत नाही. तेव्हा एकट्याला बाजूला घेऊन बोला, काय झालं आणि पुढे काय अपेक्षित आहे ते नेमकं सांगा, तारीख घालून वहीत लिहा. पुन्हा झालं तर कंपनीच्या नियमाप्रमाणे जाऊ द्या. सगळ्यांसमोर अपमान करायचा अधिकार कुठल्याही पदाबरोबर येत नाही.

६. शिकवताना हात खिशात ठेवा

चांगला ऑपरेटर असल्यामुळे तुमचा हात आपोआप पुढे जातो. ट्रेनी अडखळला की 'सरक, मी करतो' म्हणून तुम्ही जॉब लावता. काम होतं, पोरगा शिकत नाही, आणि पुढच्या वेळी तो तुमची वाट बघत बसतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांची रीघ लागली तेव्हा त्यांना पटकन तयार करण्यासाठी चार पायऱ्यांची पद्धत बसवली गेली. पुढे ती जपानला गेली आणि टोयोटानेही उचलली. आधी शिकणाऱ्याची भीती घालवा आणि त्याला काय येतं ते विचारा. मग काम करून दाखवा, एका वेळी एकच टप्पा, आणि महत्त्वाची जागा का महत्त्वाची ते सांगा. मग त्याला करायला लावा, आणि करताना त्यानेच तुम्हाला समजावून सांगायचं. शेवटी एकटं सोडा, पण अडलं तर कोणाला विचारायचं ते सांगून ठेवा आणि अधूनमधून चक्कर मारा.

तिसऱ्या पायरीत सगळं कळतं. 'कळलं का?' असं विचारलं तर प्रत्येक जण 'हो साहेब' म्हणतो. 'इथे क्लॅम्प आधी का लावायचा ते मला सांग' असं विचारा. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली पोरं एकाच लाइनवर असतात. ज्याला मराठी नीट येत नाही त्याच्याशी हिंदीत बोला, आणि वर्क इन्स्ट्रक्शनवर फोटो लावा.

७. सुट्ट्या आणि ओव्हरटाइम

या दोन गोष्टींवरून तुमची नियत मोजली जाते. वर्षाचं कॅलेंडर घेऊन बसा. गणपती, दिवाळी, पेरणीचे दिवस, पोळा, लग्नसराई, छठ हे सगळं आधीच माहीत असतं. आळंदी-देहूहून पालख्या निघतात तेव्हा त्या भागातले रस्तेही बंद असतात आणि वारीला जाणारेही असतात. महिना-दीड महिना आधी यादी मागवा. सगळ्यांना मिळणार नसेल तर गेल्या वर्षी कोणाला मिळाली होती ते बघून फिरती ठेवा आणि हा नियम उघड सांगा. नियमात न बसलेला माणूस नाराज होतो, पण नियम माहीत असला तर तुमच्यावर डूख धरत नाही.

ओव्हरटाइमला दर किमान दुप्पट, हे कायद्यात आहे. कंत्राटी माणसालाही तो मिळतोय का ते विचारा, आणि मिळत नसेल तर लेखी वर कळवा. रोज त्याच चार जणांना थांबवू नका. ज्याला पैशांची गरज आहे तो नको म्हणणार नाही, पण सलग थांबलेल्या माणसाचा हात पॉवर प्रेसखाली जायला एक डुलकी पुरते.

८. जे तुम्ही मिटवायचं नाही

अपघात, कितीही छोटा असो, नोंदवायचा. 'रजिस्टरमध्ये नको, आपला रेकॉर्ड खराब होईल' असा दबाव आला तरी नोंदवायचा. उद्या त्या बोटाचं दुखणं वाढलं तर कामगाराकडे ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) लाभासाठी कागद हवा.

महिला सहकाऱ्याने छळाची तक्रार सांगितली तर ऐकून घ्या, 'तो तसा नाहीये', 'गैरसमज असेल' असलं काही बोलू नका, आणि दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवायच्या भानगडीत पडू नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, समितीला योग्य कारण वाटलं तर आणखी ३ महिने वाढवून मिळू शकतात. समितीपर्यंत पोचायला तिला मदत करा आणि तिचं नाव कोणाजवळही काढू नका.

९. वरच्या साहेबांना आकडा कसा सांगायचा

वरून टार्गेटचा दबाव येतो तो जसाच्या तसा खाली ओतला की काम झालं असं समजणारे खूप आहेत. तुम्ही मध्ये आहात ते गाळण्यासाठी. 'चारशे होणार नाहीत' एवढंच सांगितलं तर ते रडगाणं ठरतं. 'दोन नंबरचं मशिन सकाळपासून बंद आहे, तीनशे वीस होतील, रविवारी अर्धी शिफ्ट मिळाली तर सोमवारपर्यंत भरून काढतो' असं सांगितलं तर निर्णय होतो. आणि लवकर सांगा. शिफ्ट संपताना सांगितलेल्या आकड्यावर साहेबही काही करू शकत नाहीत.

काम चांगलं झालं की ऑपरेटरचं नाव घेऊन वर सांगा, शक्यतो तो तिथे उभा असताना. खंडेनवमीला मशिनांची पूजा होते, त्या दिवशी सगळे जमलेले असतात. वर्षभरात कोणी कुठली अडचण वेळेत सांगून माल वाचवला ते दोन मिनिटांत सांगायला याहून चांगली वेळ नाही.

१०. तीन महिन्यांनी वही उघडा

गेल्या महिन्यात किती अडचणी लोकांनी आपणहून येऊन सांगितल्या आणि किती क्वालिटीने किंवा ग्राहकाने शोधल्या, ते मोजा. सांगितलेल्या अडचणींपुढे कोणाची नावं आहेत तेही बघा. तीच तीन-चार नावं असतील तर बाकीचे अजून बोलत नाहीयेत, आणि त्यात बहुधा कंत्राटी आणि नवीन पोरं असतात. जी नावं वहीत एकदाही आलेली नाहीत त्यांची यादी करा आणि पुढच्या आठवड्यात अर्ध्या तासाची फेरी त्यांच्याच मशिनसमोर लावा. थर्ड शिफ्टला असतील तर रात्री जा.